बुधवार कोणाचा?

डेपोच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला एक खिडकी लागते. खिडकीमागे टेबल, टेबलावर पलंगपोसाएवढा कागद, आणि त्या कागदावर एकशे चाळीस बसड्रायव्हर आणि तेवढेच कंडक्टर आडव्याउभ्या रेघांत दाटीवाटीने बसवलेले. ही बसवाबसवी करणाऱ्या बाईंना अख्खा डेपो चार्टताई म्हणतो. पहिली बस पहाटे पावणेसहाला सुटते. ती कोणी न्यायची, तो आला नाही तर दुसऱ्या कोणी, आणि दुसऱ्याचंही ऐन वेळी पोट दुखलं तर तिसऱ्या कोणी, हे ताईंनी आदल्या दुपारीच लिहून ठेवलेलं असतं.

बावीस वर्षं या खिडकीत काढल्यामुळे माणसं दांडी मारताना काय काय बोलतात, याचा ताईंइतका अभ्यास कोणाचा नसेल. एका ड्रायव्हरची आजी त्यांच्या कारकिर्दीत पाच वेळा वारली. पाचही वेळा त्यांनी रजा दिली. सहाव्या वेळी मात्र, "आता आजोबांना काढा, आजी पुरे झाली," एवढंच म्हणाल्या. दोघांना आपसात ड्यूटी बदलून घ्यायची असेल तर त्यांचा नियम साधा आहे. दोघांनीही खिडकीसमोर येऊन उभं राहायचं. मग ताई पेन्सिल उचलणार. एकटाच येऊन "तो हो म्हणालाय" असं सांगू लागला की ताई त्याला आल्या पावली परत पाठवतात. 'हो म्हणालाय' नावाच्या माणसाने आजवर एकही बस चालवलेली नाही, असं त्यांचं म्हणणं.

डेपोत एवढी माणसं ज्यांच्या पेन्सिलीला वचकून असतात, त्या ताईंना घरची मोजून तीन माणसं मात्र कधी चार्टवर आणता आली नव्हती. ती तिघं म्हणजे त्यांची सख्खी भावंडं.

आधी बाबांविषयी सांगायला हवं, कारण सगळं घर त्यांच्याभोवती फिरतं. निदान फिरायला हवं होतं. ताईंचे बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी बाजारातून हिंडून तराजू तपासले, तळाला शिसं चिकटवलेली पारडी पकडली, पोकळ वजनं जप्त केली. मग रीतसर निवृत्त झाले आणि तेवीस वर्षं स्वस्थ बसले. दोन वर्षांपूर्वी, एक्याऐंशीव्या वर्षी, ते कोणालाही न विचारता पुन्हा कामावर रुजू झाले. डॉक्टरांनी याला स्मृतिभ्रंश असं नाव दिलं. बाबांच्या मते ते फिरतीवर आहेत.

जिन्यात भेटलेल्या शेजारणीच्या हातातली पिशवी ते घेतात, जरा वर-खाली करतात आणि "दोन किलो सांगितलंय? साठ ग्रॅम कमी आहे," असं सांगून परत देतात. पंचाईत अशी की घरी जाऊन मोजलं तर खरंच तेवढं कमी भरतं. मुलांची नावं, बायको केव्हा गेली, आपण जेवलो की नाही, हे सगळं पुसून गेलंय; ग्रॅम तेवढे शिल्लक आहेत. ताईंना ते ओळखतात, पण मुलगी म्हणून नाही. ताई त्यांच्या कार्यालयातल्या कारकून आहेत. "बाई, लिहून घ्या," असं म्हणून ते अहवाल सांगतात आणि ताई जुन्या डायरीत खरोखरच लिहून घेतात. जन्मभर जिला 'तू' म्हटलं तिला आता ते 'तुम्ही' म्हणतात. ताई म्हणतात, बढती मिळाली.

राहती जागा दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. ताईंनी लग्न केलं नाही. त्यामुळे त्यांना संसार नाही, संसार नाही म्हणून त्यांना वेळ आहे, आणि वेळ आहे म्हणून बाबा त्यांच्याकडे आहेत, असा एक सरळ हिशेब भावंडांनी फार पूर्वी मांडून ठेवला होता. हा हिशेब पहाटे पाचला घर सोडणाऱ्या बाईला लावताना तिघांपैकी एकाचीही जीभ अडखळली नाही.

आता ही तिघं.

थोरला भाऊ कंपन्यांमधून व्याख्यानं देतो. विषय, वेळेचं नियोजन. पहाटे पाचला उठणारा माणूस जग जिंकतो, हे त्याचं आवडतं वाक्य. ते तो साधारण सकाळी अकराच्या सुमारास म्हणतो. बाबांच्या बाबतीत त्याच्याकडे सूचना भरपूर. त्यांना शब्दकोडी द्या, अक्रोड द्या, उन्हात बसवा. देणारे आणि बसवणारे कोण, हे त्याच्या सूचनांमध्ये कधीच नसतं.

मधल्या बहिणीला सगळे हळवी म्हणतात, आणि तिलाही ते आवडतं. तिला बाबांकडे बघवत नाही, म्हणून ती बघत नाही. दोन महिन्यांतून एकदा येते, दारातच "काय होते बाबा आणि काय झालं" म्हणून रडायला लागते. बाबा तिला बसायला सांगतात आणि तक्रार लेखी द्या म्हणतात. मग ताई तिला पाणी देतात, पाठीवरून हात फिरवतात. म्हणजे त्या दिवशी घरात सांभाळायला एकाचे दोन होतात.

धाकट्याचं फर्निचरचं दुकान आहे आणि त्याची पितृभक्ती फोनमध्ये आहे. आला की पहिल्यांदा बाबांच्या खांद्यावर हात टाकून फोटो. खाली मजकूर: 'माझं दैवत.' तीन-चारशे लोक त्यावर हात जोडतात. फोटो निघाला की धाकटाही निघतो. दैवताला तहान लागली आहे का, हे बघायला ताई आहेतच.

आणि हे कमी पडलं म्हणून की काय, ताईंच्या मुख्य कार्यालयानेही याच सुमारास माया दाखवली. घरी आजारी माणसं असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी एक शिबिर ठेवलं. ते ताईंच्या ड्यूटीच्या वेळेतच होतं, त्यामुळे ताईंना जाता आलं नाही. पण तिथलं छापील पत्रक त्यांना मिळालं. वर मोठ्या अक्षरात 'समतोल साधा', खाली एका तराजूचं चित्र, एका पारड्यावर 'घर' असं लिहिलेलं, दुसऱ्यावर 'कचेरी', आणि मध्ये एक बाई दात दाखवत उभी. ताईंनी ते घरी आणलं. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "बाई, लिहून घ्या. काटा रिकामा ठेवून समतोल दाखवला आहे. रिकामा काटा नेहमीच समतोल दाखवतो. जप्त करा." या विषयावर याहून शहाणं असं मुख्य कार्यालयात कोणी बोलल्याचं ऐकिवात नाही.

दीड वर्ष कसंबसं निभावलं, कारण शेजारच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त नर्सबाई होत्या. ताईंची ड्यूटी साडेपाच ते दीड. तेवढ्या वेळात त्या बाबांवर लक्ष ठेवायच्या. त्या मुलाकडे राहायला गेल्या आणि ताईंच्या पायाखालची फरशी सरकली. शोधाशोध करून एक मावशी पगारावर मिळाल्या, पण त्यांना आठवड्याचे तीनच दिवस जमणार होते. रविवारी ताईंना सुट्टी. उरले सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. तीन दिवस आणि तीन भावंडं. पहिलीतल्या मुलालाही सुटलं असतं.

भावंडांनी ते वेगळ्या पद्धतीने सोडवलं. त्याच महिन्यात बस मंडळाची स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली होती. थोरल्याने कुठूनसा तिचा अर्ज मिळवला, ताईंचं नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं, सगळं स्वतःच्या हाताने भरलं आणि तिघं मिळून घरी आले. बाबांचा डायपर दोन वर्षांत ज्याने एकदाही हातात धरला नव्हता, त्याने तो अर्ज मात्र दोन प्रतींत आणला होता. फक्त सही राहिली होती. तुझ्या सोयीसाठीच, असं थोरला म्हणाला. किती दिवस ओढाताण करशील, असं हळवी म्हणाली. तू नशीबवान, तुला बाबांचा सहवास मिळतोय, असं धाकटा म्हणाला. एवढं मोठं नशीब ताईंबरोबर वाटून घ्यावं, असं तिघांपैकी कोणालाच वाटलं नाही.

ताईंनी ऐकून घेतलं. त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या, नोकरीची दहा वर्षं बाकी होती, आणि दिवसातून आठ तास त्यांना नावाने, हुद्द्याने आणि थोड्या भीतीने ओळखणारी माणसं त्या एका खिडकीपाशीच होती. हे भावंडांना सांगून कळलं नसतं. म्हणून त्यांनी वेगळंच सांगितलं. अर्ज द्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तोपर्यंत सोमवार हळवीने, बुधवार थोरल्याने, शुक्रवार धाकट्याने घ्यायचा. मी पाचला जाईन, तुम्ही साडेसहापर्यंत या, दीडनंतर मी आहेच. महिनाभर हा चार्ट चालला तर नोकरी राहील. एक दिवस जरी खंड पडला तर मी सही करीन.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. महिनाअखेर फार लांब नव्हती. हो म्हणाले.

पहिले तीन आठवडे चार्ट चालला, म्हणजे खुरडत चालला. साडेसहा म्हणजे सव्वासात, असं थोरल्याचं नियोजन होतं. आल्यावर तो लॅपटॉप उघडून बसायचा आणि बाबा त्याच्यासमोर बसून तो कधी संपतोय याची वाट पाहायचे. हळवी रडायची, पण बसून रडायची, ही प्रगतीच म्हणायची. धाकट्याने पहिल्या शुक्रवारी नऊ फोटो टाकले, दुसऱ्या शुक्रवारी दोन, तिसऱ्या शुक्रवारी एकही नाही. सात तास पुढ्यात असलं की दैवतही माणसासारखंच दिसायला लागतं. ताई दुपारी घरी परतायच्या तेव्हा त्यांनी हातातली पिशवी ठेवायच्या आधीच तिघांपैकी जो असेल तो चपला घालून दारात उभा असायचा.

शेवटच्या आठवड्यात थोरल्याला बुधवारी व्याख्यान आलं. ताईंना सांगितलं असतं तर त्यांनी मावशींना विनवून काही जमवलं असतं. पण तिला कशाला त्रास, असा विचार करून त्याने धाकट्याला फोन केला. माझा बुधवार तू घे, तुझा शुक्रवार मी घेतो. धाकटा हो म्हणाला. मंगळवारी सकाळी धाकट्याला कळलं की बुधवारी दुकानात माल येणार. तिला कशाला त्रास, असं म्हणून त्याने हळवीला फोन केला. दादाचा बुधवार तू घे, तुझा पुढचा सोमवार मी घेतो. हळवी हो म्हणाली. मंगळवारी संध्याकाळी हळवीचं डोकं दुखायला लागलं. तिनेही ताईंना त्रास द्यायचा नाही असं ठरवलं आणि थोरल्याला निरोप टाकला: 'दादा, बुधवार मूळचा तुझाच आहे, तूच बघ ना.' थोरला व्याख्यानाची तयारी करत होता. आलेल्या प्रत्येक निरोपाला तो न वाचता अंगठा पाठवतो. वेळ वाचतो म्हणे. त्याने अंगठा पाठवला. हळवी गोळी घेऊन झोपली.

बहीण-भावांची इतकी काळजी की तिघांनी मिळून ताईंना अगदी जराही त्रास दिला नाही.

बुधवारी सव्वाअकराला खिडकीतला फोन वाजला. त्या दिवशी एक बस पुलावर बंद पडली होती आणि दोन ड्रायव्हर आजारी होते, त्यामुळे ताई फोनवर जरा तोडूनच बोलल्या. पलीकडून एका बाईचा आवाज आला. ती भाजीबाजारातून बोलत होती. ताईंनी बाबांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात स्वतःचा आणि खिडकीचा नंबर लिहिलेलं कार्ड ठेवलेलं आहे, ते तिला मिळालं होतं.

"तुमच्याकडचे साहेब इथे आलेत," ती म्हणाली. "दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत, पण काम एकदम चोख. चौदा काटे तपासून झाले. न्यायला या, पण घाई नको. आमच्या रांगेतले दोन राहिलेत."

घरापासून भाजीबाजारापर्यंत चार पदरी रस्ता आहे. दर दोन मिनिटांनी त्याच्यावरून एक बस जाते. त्या बसचं वेळापत्रक ताईंच्या हातचं. त्यामुळे सकाळी आठ ते नऊ या वेळात तिथे किती गाड्या धावतात, हे ताईंना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी थोरल्याला फोन लावला. थोरला दबक्या आवाजात म्हणाला, मी व्याख्यानात आहे, बाबांजवळ धाकटा आहे. धाकटा म्हणाला, छे, हळवी आहे. हळवीने झोपेतून फोन उचलला आणि म्हणाली, दादा आहे ना, त्याने अंगठा पाठवलाय.

ताई डेपो मॅनेजरकडे गेल्या. हे गृहस्थ एरवी अर्ध्या दिवसाची रजा देताना स्वतःची किडनी दिल्यासारखा चेहरा करतात. त्या दिवशी ताईंचा चेहरा पाहून ते नुसतं, जा, चार्ट मी बघतो, असं म्हणाले. आणि त्यांनी बघितला. ताईंना बाबांना घेऊन परत यायला पावणेदोन तास लागले. तेवढ्यात एका बसवर दोन ड्रायव्हर चढले होते, दोन बसवर एकही नव्हता, आणि तिघे कंडक्टर फाटकाशी उभे राहून आपण कोणत्या गाडीचे आहोत यावर वाद घालत होते. मॅनेजरसाहेब खिडकीत घाम पुसत बसले होते.

बाजारात ताईंना बाबा एका उलट्या क्रेटवर बसलेले दिसले. समोर इलेक्ट्रॉनिक काटा, हातात पाण्याची एक लिटरची बाटली. बाटली काट्यावर ठेवायची, आकडा वाचायचा, मान हलवायची, असं चाललं होतं. भोवती गिऱ्हाइकांचं कडं. बाबांनी सकाळपासून एकच काटा खोटा ठरवला होता, तो समोरच्या टोमॅटोवाल्याचा. शंभर ग्रॅमचा फरक. फोन करणारी भाजीवाली त्यामुळे फार खुशीत होती. गेली सहा वर्षं मी हेच सांगत होते, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. तिने बाबांना चहा पाजला होता, डोक्यावर छत्री उभी केली होती, आणि रस्त्याच्या बाजूला आपल्या टोपल्या अशा रचल्या होत्या की त्यांना तिकडे जाता येऊ नये. ना नात्याची, ना गोत्याची. हे तिला कोणी चार्टवर लिहून दिलं नव्हतं.

ताईंना पाहून बाबांच्या कपाळावर आठी पडली. "बाई, उशीर केलात," ते म्हणाले. "सकाळी उठलो तर कार्यालयात कोणीच नव्हतं. मग निघालो."

त्यांनी बाबांच्या पायांकडे पाहिलं. एका पायाची टाच सोललेली होती.

संध्याकाळी तिघं आले. इतक्या वेळेवर ती कधीच आली नव्हती. थोरल्याच्या हातात प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये तो अर्ज होता. झालं गेलं, कोणावर खापर फोडायचं नाही, असं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. ज्याच्या डोक्यावर खापर फुटायचं असतं तो हे वाक्य फार मनापासून म्हणतो. धाकट्याने, महत्त्वाचं काय तर बाबा सुखरूप आहेत, असं म्हणून विषय मिटवला. हळवी बाबांच्या टाचेवरची पट्टी पाहून रडली आणि म्हणाली, ताई, म्हणूनच म्हणते, ही ओढाताण पुरे कर. चार्ट चालत नाही हे सिद्ध झालं, यावर तिघांचं एकमत होतं. चार्ट मोडणाऱ्यांनीच तो मोडल्याचा पुरावा हजर केला होता आणि निकालही त्यांनीच लिहून आणला होता.

दुपारपासून ताईंच्या डोळ्यांसमोरून तो चार पदरी रस्ता हलत नव्हता. शब्द त्यांनी दिला होता. खंड पडला होता. त्यांनी पेन उघडलं, अर्ज पुढे ओढला आणि सहीच्या जागेशेजारी तारीख लिहिली. तिघांचेही खांदे एकदम सैल पडले. दुसऱ्या खोलीत बाबा डायरीची पानं मोजत होते.

"एक विचारू?" ताई म्हणाल्या. पेन कागदावरच होतं. "नोकरी सोडल्यावर मला सुट्टी कोणत्या वारी?"

"सुट्टी कसली?" हळवी गोंधळून म्हणाली. "बाबा आहेत ते आपले."

"आपले, तर आपला वार सांगा. महिन्यातून एक चालेल."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने हळवीकडे पाहिलं. हळवीने थोरल्याकडे पाहिलं. बुधवार ज्या वाटेने गेला होता, त्याच वाटेने ती नजर एक पूर्ण चक्कर मारून आली, आणि कोणाच्याही ताब्यात न सापडता खाली पडली. मग थोरला म्हणाला की असं आधीच ठरवता येत नाही, पण आम्ही सगळे येत-जात राहूच. धाकटा म्हणाला, हो, येत राहू.

ताईंनी पेनाला टोपण लावलं.

"खंड पडला तर सही करीन, असं मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. आवाज खिडकीतला होता. घरात तो तिघांनी प्रथमच ऐकला. "माझ्या चार्टमध्ये खंड नाही. माझ्या चार्टमध्ये बुधवार दादाचा आहे. तुमच्या फोनमध्ये तो कोणाचाच नाही. डेपोत ड्रायव्हर आला नाही म्हणून मी राजीनामा देत नाही. जो आला नाही त्याला दुसऱ्या दिवशी डबल ड्यूटी लावते."

"म्हणजे?" थोरल्याने विचारलं.

"म्हणजे उद्या तू. मावशींना मी येऊ नका म्हणून कळवलंय."

उद्या माझं व्याख्यान आहे, चाळीस माणसं येणार आहेत, तू असं परस्पर कसं ठरवतेस, असं थोरला बरंच काही बोलला. ताईंनी तेही ऐकून घेतलं. आजी वारल्याची गोष्ट ज्यांनी पाच वेळा ऐकली, त्यांना चाळीस माणसांचं काय. यापुढे अदलाबदल करायची तर दोघांनी माझ्यासमोर येऊन उभं राहायचं, फोनवर नाही, एवढं सांगून त्या बाबांची बॅग भरायला उठल्या. धाकट्याने बाहेर पडता पडता आपला शुक्रवार नक्की आहे, असं दोनदा सांगितलं. त्याच्या मनात डबलची भीती नीट बसली असावी.

गुरुवारी पहाटे कर्मचाऱ्यांना उचलणारी डेपोची गाडी दहा मिनिटं वाट वाकडी करून थोरल्याच्या दारात थांबली. ड्रायव्हर आजी पाच वेळा गेलेला तोच. त्याने खाली उतरून बाबांना हात दिला. ताईंनी बेल वाजवली. वेळेचं नियोजन शिकवणारा माणूस पाच वाजून आठ मिनिटांनी दारात उभा राहिला तेव्हा त्याचा एक डोळा अजून अंथरुणातच होता. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "दुकान केव्हा उघडतं?" ताईंनी बॅग आत ठेवली, औषधांच्या वेळा लिहिलेला कागद थोरल्याच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरल्या. पावणेसहाची बस त्या दिवशी पावणेसहालाच सुटली.

पुढचं वहिनींनी, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, ताईंना फोनवर सांगितलं. सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. त्या काही नवऱ्याच्या बाजूने बोलत नव्हत्या. बाबांनी सकाळीच न्हाणीघरातला वजनकाटा उचलून आणला आणि त्यावर थोरल्याला उभं केलं. मग वहिनी कामावर गेल्या. थोरल्याला दुसरा इलाज उरला नाही, तो बाबांना घेऊनच व्याख्यानाला गेला. पहिल्या रांगेत बसवलं. पहाटे उठण्याचे सात फायदे सांगता सांगता तो चौथ्यावर आला तेव्हा बाबा उठले, मंचावर गेले आणि त्याच्या हातातला पडद्यावरची चित्रं बदलायचा रिमोट जप्त केला. चाळीस माणसांसमोर त्यांनी विचारलं, हे प्रमाणित आहे का? उरलेले तीन फायदे थोरल्याने बापाचा हात हातात धरून, चित्रांशिवाय सांगितले. मधेच बाबांना स्वच्छतागृहात न्यावं लागलं. आयोजकांनी पाच मिनिटांची विश्रांती जाहीर केली. ती पंचवीस मिनिटं चालली. एवढा वेळ कशाला लागला, हे थोरल्याने वहिनींना सांगितलं नाही. घरी आल्यावर शर्ट मात्र स्वतः धुतला.

महिनाअखेर आली आणि गेली. अर्जाची मुदत उलटली. त्यावर पुन्हा कोणी बोललं नाही. लोकांना आपण विसरलो असं दाखवायचं असतं तेव्हा त्यासाठी कोणत्याही आजाराची गरज लागत नाही. डेपोत नवा महिना लागला, नवा कागद अंथरला गेला. घरीही तसाच एक लहान कागद स्वयंपाकघराच्या दारावर लागला, तीन नावांचा आणि मावशींचा. शुक्रवारी धाकटा आला, फोटो न काढता आला. सोमवारी हळवी आली, आणि तिने बाबांच्या नखांना नेलकटर लावलं. रडत लावलं, पण दहाही बोटं पुरी केली.

मंगळवारी दुपारी ताई जेवायला बसल्या होत्या तेव्हा थोरल्याचा फोन आला. आता बहुतेक पाठीत उसण भरली असेल किंवा परदेशचे पाहुणे आले असतील, अशा तयारीने ताईंनी तो उचलला.

थोरल्याने विचारलं, उद्याचा बुधवार माझाच ना? ताई हो म्हणाल्या. मग त्याने जरा थांबून विचारलं, "बाबा उठतात किती वाजता?"

बापाची काळजी कशी घ्यावी यावर दोन वर्षं भाषणं ठोकणाऱ्या माणसाने त्या विषयावर विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"पावणेसातला," ताई म्हणाल्या. "पण डोळे उघडल्यावर समोर कोणी ओळखीचं दिसलं नाही तर घाबरतात. ओळखत नाहीत, तरी ओळखीचं लागतं."

पलीकडे कागद खसखसला. सूचना देणारा माणूस सूचना लिहून घेत होता.

"मग मी सहालाच येतो," तो म्हणाला.

"पावणेसहा लिहिते," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवून जेवायला लागल्या.